वाफेचा नाद लागलेला वाडिया

नाहूर, भांडुप, मुलुंडच्या मुलांनी कुर्ल्याला गाडी बदलून हार्बर पकडली की सातव्या स्टेशनावर डॉकयार्ड रोड येतं. बाहेर पडलं की हाकेच्या अंतरावर माझगाव डॉक. भारतात बांधलेली पहिली पाणबुडी ‘शल्की’ इथेच तयार झाली आणि १९९२ मध्ये नौदलात दाखल झाली. २०१७ मध्ये नौदलात आलेली ‘कलवरी’सुद्धा इथलीच. नौदलात इंजिनीअर व्हायचं डोक्यात असलेल्या कुणालाही हा पत्ता नवा नाही.

पण आजची गोष्ट पाणबुडीच्याही बरीच आधीची आहे. याच माझगावात १८३४ मध्ये एका पंचविशीतल्या तरुणाने आपल्या बंगल्यात आणि बागेत गॅसचे दिवे लावून दाखवले होते. बघायला खुद्द मुंबईचे गव्हर्नर आले होते. त्या तरुणाचं नाव अर्देशीर कर्सेटजी वाडिया. जहाजं बांधणाऱ्या घरात जन्मलेला, इंजिनांच्या मागे लागलेला आणि लंडनच्या रॉयल सोसायटीचा फेलो झालेला पहिला भारतीय. रामानुजन यांचं नाव आपल्या सगळ्यांना माहीत असतं. ते या सोसायटीचे दुसरे भारतीय फेलो. पहिला आपल्या मुंबईचा होता, हे मात्र फार कमी जणांना ठाऊक असतं.

घरचा धंदा

वाडिया म्हणजे गुजरातीत जहाज बांधणारा. आडनावच धंद्यावरून पडलेलं. या घराण्यातले लवजी नसरवानजी १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले, कारण ईस्ट इंडिया कंपनीला इथे जहाजं बांधून हवी होती. १७५० मध्ये मुंबईत सुकी गोदी तयार झाली. आशियातली ही पहिली सुकी गोदी मानली जाते. सुकी गोदी म्हणजे जहाज आत घ्यायचं, दरवाजे बंद करायचे, पाणी काढून टाकायचं आणि तळापर्यंत दुरुस्ती करायची. आजही नेव्हल डॉकयार्डमध्ये हाच प्रकार चालतो.

पुढची दीडशे वर्षं या गोदीत वाडियांची पिढ्यान् पिढ्यांची सत्ता होती. गोदीच्या मुख्य कारागिराला मास्टर बिल्डर म्हणत आणि ते पद घरातल्या घरातच राहायचं. त्यांचं हुकमी पान म्हणजे मलबारचं सागवान. इंग्लंडमध्ये जहाजं ओक लाकडाची असायची. सागात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे ते पाण्यात लवकर कुजत नाही आणि लोखंडी खिळेही त्यात जास्त टिकतात. मुंबईची जहाजं टिकाऊ, अशी ख्याती ब्रिटिश आरमारापर्यंत पोहोचली होती.

अर्देशीर यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८०८ चा. ते नऊ वर्षांचे झाले त्याच आठवड्यात, १२ ऑक्टोबर १८१७ रोजी, मुंबईच्या गोदीतून ‘ट्रिंकोमाली’ नावाची युद्धनौका पाण्यात सोडली गेली. ती आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूल इथे तरंगते आहे. दोनशे वर्षांहून जुनी सागवानी नौका, अजून पाण्यात! ज्या घरात अशी जहाजं बनत होती, तिथल्या मुलाने पुढे काय करायचं हे त्याच्या जन्माआधीच ठरलेलं होतं. वयाच्या चौदाव्या वर्षी, १८२२ मध्ये, अर्देशीर गोदीत कामाला लागले होते.

वडील कर्सेटजी रुस्तमजी पुढे मास्टर बिल्डर झाले. म्हणजे अर्देशीर यांच्यासाठी सगळं तयार होतं. नाव, पैसा, हाताखाली तरबेज सुतार आणि एक दिवस मिळणारं मोठं पद. आजच्या भाषेत सांगायचं तर करिअर सेट.

वारा की वाफ?

गडबड केली ती वाफेने.

१८२९ मध्ये याच गोदीत ‘ह्यू लिंडसे’ ही वाफेवर चालणारी नौका बांधली गेली. बांधणारे वाडियाच होते. २० मार्च १८३० रोजी ती मुंबईहून निघाली आणि ३२ दिवसांत सुएझला पोहोचली. शिडाच्या जहाजाने आफ्रिकेला वळसा घालून इंग्लंड गाठायला कित्येक महिने लागायचे. त्यापुढे हा प्रवास म्हणजे चमत्कारच. पण चमत्कार सोपा नव्हता. वाटेत कोळसा मिळायची मारामार, त्यामुळे मिळेल त्या जागेत कोळसा भरूनच ही नौका निघाली होती. एडनपर्यंत पोहोचायलाच तिला ११ दिवस लागले.

त्या काळात मुंबईत रेल्वे नव्हती हे लक्षात घ्या. मुंबईला ठाण्याशी जोडणाऱ्या रेल्वेची कल्पना सरकारचे मुख्य इंजिनीअर जॉर्ज क्लार्क यांना सुचली ती १८४३ मध्ये, आपल्या नाहूरच्या शेजारच्या भांडुपला आले असताना. प्रत्यक्ष गाडी धावली १८५३ मध्ये. म्हणजे ज्या इंजिनाचं कौतुक बघायला आपले पूर्वज रुळांच्या कडेला उभे राहिले, त्याच्या नादाला अर्देशीर वीस वर्षं आधी लागले होते.

‘ह्यू लिंडसे’ निघाली तेव्हा ते २१ वर्षांचे होते. तुमच्या-माझ्या वयाचे. त्यांनी स्वतःची छोटी फाउंड्री काढली आणि जहाजांसाठी लोखंडी टाक्या बनवायला सुरुवात केली. १८३३ मध्ये ‘इंडस’ नावाचं ६० टनांचं छोटं सागरी जहाज बांधून पाण्यात सोडलं. त्यावर वाफेचं इंजिन बसवायचं त्यांच्या मनात होतं. वडिलांच्या मागे लागून त्यांनी ब्रिटनमधून इंजिन मागवून घेतलं आणि ते जहाजावर बसवलंसुद्धा. घरच्यांना पटवून लॅपटॉप घेणाऱ्यांना हा भाग नीट समजेल.

यात एक गंमत आहे आणि थोडं दुखणंही. वाडियांचं सगळं कसब लाकडात होतं. कुठला सोट कुठे वाकवायचा, सांधा कसा बसवायचा, पाणी आत येऊ नये म्हणून फटी कशा बुजवायच्या, हे ज्ञान पिढ्यान् पिढ्या हातातून हातात आलेलं. वाफ आली की तिच्या मागोमाग लोखंड येणार होतं, आणि लोखंड आलं की सागवानाची मिरासदारी संपणार होती. म्हणजे अर्देशीर जे शिकत होते, त्यानेच घरचा धंदा मोडीत निघणार होता. तरी ते शिकत राहिले.

माझगावचा उजेड

पुढच्याच वर्षी माझगावच्या बंगल्यातला तो गॅसचा प्रयोग झाला. तेव्हा मुंबईत रात्री उजेड म्हणजे तेलाचे दिवे आणि मेणबत्त्या. कोळसा बंद भांड्यात तापवला की त्यातून जळणारा वायू निघतो. तो धुऊन, साठवून नळ्यांमधून दिव्यांपर्यंत न्यायचा. वाचायला सोपं वाटतं. पण नळीचा एक सांधा गळका राहिला तर घरासकट सगळं उडणार. अर्देशीर यांनी हा छोटा गॅस कारखाना फक्त इथल्या कारागिरांना हाताशी धरून उभा केला होता. गव्हर्नरांना बोलावून तो दाखवायला धाडस लागतं.

मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले १८६५ मध्ये. म्हणजे माझगावच्या बागेनंतर ३१ वर्षांनी.

लंडनची वारी

१८३७ मध्ये ते रॉयल एशियाटिक सोसायटीचे सभासद झाले. आणि १८३९ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, थेट इंग्लंडला निघाले. कारण सरळ होतं. वाफेच्या इंजिनांचं पुढचं शिक्षण मुंबईत मिळत नव्हतं.

सुएझ कालवा व्हायला अजून तीस वर्षं होती. त्यामुळे बोटीने सुएझ, तिथून वाळवंट ओलांडून कैरो, मग अलेक्झांड्रिया आणि पुन्हा बोट, असा तो प्रवास. अर्देशीर धर्माचे आचार कसोशीने पाळणारे पारशी होते. परधर्मीयाच्या हातचं खायचं नाही म्हणून ते आपले पारशी नोकर बरोबर घेऊन गेले. एकीकडे जगातलं सगळ्यात नवं तंत्रज्ञान शिकायची ओढ, दुसरीकडे जेवणाचे जुने नियम. आज आपल्याला हे विचित्र वाटेल. त्यांना तसं वाटलं नसावं.

लंडनला त्यांच्या आधी पोहोचलेले दोन वाडिया होते, जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी. दोघं जहाजबांधणी शिकायला गेले होते. अर्देशीर मात्र इंजिनांकडे वळले. त्यांनी प्रवासाची डायरी लिहिली आणि ती १८४० मध्ये लंडनमध्ये पुस्तकरूपाने छापून आली.

याच मुक्कामात दोन गोष्टी जुळून आल्या. कंपनीने त्यांना मुंबईच्या स्टीम फॅक्टरीचा मुख्य इंजिनीअर नेमलं. आणि त्यांचं नाव रॉयल सोसायटीकडे गेलं. १६६० मध्ये स्थापन झालेली, कधीकाळी न्यूटन अध्यक्ष असलेली ही संस्था. शिफारशीत त्यांच्या जहाजबांधणीच्या ज्ञानाबरोबरच गॅसचे दिवे आणि इंजिन बसवलेलं ६० टनी जहाज यांचा उल्लेख होता. २७ मे १८४१ रोजी ते फेलो म्हणून निवडले गेले. त्यांच्यानंतर दुसऱ्या भारतीयाला हा मान मिळायला १९१८ साल उजाडावं लागलं. ७७ वर्षं! त्यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. असणार कशी? मुंबई विद्यापीठच मुळी १८५७ मध्ये सुरू झालं.

साहेबांचा साहेब

१८४१ मध्ये अर्देशीर यांनी मुंबईत स्टीम फॅक्टरीचा ताबा घेतला. आणि खरी परीक्षा इथे सुरू झाली.

हे काम काय होतं ते आधी बघू. कंपनीच्या आरमाराला १८३० पासून इंडियन नेव्ही म्हणत. त्यातल्या वाफेच्या नौकांची देखभाल या कारखान्याकडे होती. त्या काळी बॉयलरमध्ये समुद्राचंच पाणी भरायचे. पाणी उकळून वाफ झाली की मीठ आणि क्षार मागे राहायचे आणि बॉयलरच्या आतल्या पत्र्यावर त्यांचा थर बसायचा. थर जाड झाला की उष्णता पाण्यापर्यंत पोहोचत नाही, पत्रा लाल होतो आणि फाटतो. भर समुद्रात असं झालं तर काय, हे सांगायला नको. त्यामुळे प्रत्येक फेरीनंतर नौका दुरुस्तीला यायच्या. एक सुटा भाग इंग्लंडहून मागवायचा म्हणजे कित्येक महिने थांबणं. ज्याला तो इथेच ओतता, घासता आणि बसवता येईल, त्याच्यावर सगळं अवलंबून.

अर्देशीर यांच्या हाताखाली चार युरोपियन फोरमन, सुमारे शंभर युरोपियन इंजिनीअर आणि बॉयलर बनवणारे, आणि जवळपास दोनशे देशी कारागीर होते. इथला माणूस गोऱ्यांच्या वर नेमला जाण्याची ही पहिलीच वेळ. ‘बॉम्बे टाइम्स’ या तेव्हाच्या इंग्रजी वर्तमानपत्राला ते अजिबात रुचलं नाही. हेच वर्तमानपत्र पुढे ‘टाइम्स ऑफ इंडिया’ झालं. एतद्देशीय माणूस कितीही हुशार असला तरी एवढ्या इंग्रजांवर हुकूम चालवणं त्याला जमायचं नाही, असा त्यांचा सूर होता.

जरा विचार करा. लंडनची सर्वांत मोठी विज्ञानसंस्था या माणसाला आपल्यात घेते आणि त्याच वर्षी त्याच्याच शहरातलं वर्तमानपत्र त्याच्या लायकीवर शंका घेतं. शंका त्याच्या इंजिनाबद्दल नव्हती, त्याच्या कातडीबद्दल होती. अशा शंकेला लेख लिहून उत्तर देता येत नाही. रोज सकाळी कारखान्यात जाऊन बॉयलर चालू ठेवणं, एवढंच हातात असतं. अर्देशीर यांनी ते १८५७ पर्यंत केलं. सोळा वर्षं.

ही सोळा वर्षं फक्त दुरुस्तीत गेली नाहीत. १८४९ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि लाकूड कापण्याची यंत्रं मुंबईला पाठवली. फेब्रुवारी १८५१ मध्ये त्यांनी ‘लवजी फॅमिली’ ही वाफेची बोट पाण्यात सोडली. तिची यंत्रसामग्री त्यांच्या स्वतःच्या फाउंड्रीत तयार झाली होती. अठरा वर्षांपूर्वी ‘इंडस’साठी इंजिन बाहेरून मागवावं लागलं होतं. आता ते मुंबईतच बनलं होतं. आणि नाव दिलं ते सागवानी जहाजं बांधणाऱ्या पूर्वजांच्या घराण्याचं. लाकडाचा वारसा त्यांनी टाकून दिला नव्हता, हे या एका नावावरून कळतं.

शिवणयंत्र, फोटोग्राफी आणि विजेच्या साहाय्याने धातूवर मुलामा चढवण्याचं तंत्र मुंबईत आणण्याचं श्रेयही त्यांना दिलं जातं. नवं काही दिसलं की ते उघडून बघायचं, हा स्वभावच असावा.

शेवटची वर्षं

१८५७ मध्ये ते निवृत्त झाले आणि त्यानंतर इंग्लंडला गेले. १८६१ मध्ये पुन्हा बोलावणं आलं. सिंधू नदीवर वाफेच्या बोटी चालवणाऱ्या इंडस फ्लोटिला कंपनीचे ते मुख्य देखरेख इंजिनीअर झाले आणि सिंधमधल्या कोटरीला राहिले. दोन वर्षांनी तेही सोडून ते लंडनजवळच्या रिचमंडला परतले. तिथेच १६ नोव्हेंबर १८७७ रोजी त्यांचं निधन झालं.

मुंबईचा हा मुलगा शेवटी मुंबईत राहिला नाही. त्यांची चाकरीही बरीच वर्षं कंपनीचीच होती. वाडियांनी बांधलेल्या जहाजांनी ब्रिटिशांचा व्यापार वाढवला आणि त्यांची युद्धंही लढली. अफूच्या पहिल्या युद्धानंतर १८४२ मध्ये चीनकडून जो नानकिंगचा तह करून घेतला गेला, तो ‘कॉर्नवॉलिस’ या नौकेवर. ती मुंबईतच बांधलेली. त्यामुळे अर्देशीर यांना स्वातंत्र्यलढ्याच्या चौकटीत बसवता येणार नाही, आणि तसा अट्टहासही नको. राज्य कुणाचं हे त्यांच्या हातात नव्हतं. आपल्या हाताने काय बनवायचं, हे मात्र त्यांनी स्वतः ठरवलं.

मग आपण काय घ्यायचं?

हल्ली कॉलेजच्या कँटीनमध्ये एक विषय हमखास निघतो. आपण जे शिकतोय ते पास होईपर्यंत उपयोगाचं राहणार का? सॉफ्टवेअर बदलतं, मशीन बदलतं, सीनिअर्सनी दिलेल्या नोट्स दोन वर्षांत जुन्या होतात. मास मीडियावाले आम्ही, मेकॅनिकलवाले, कॉमर्सवाले, सगळेच या एका भीतीत आहोत. आपल्याला वाटतं की हा प्रश्न आपल्याच पिढीच्या वाट्याला आला.

अर्देशीर यांच्यासमोर तो जास्त कडक स्वरूपात होता. त्यांना नुसता कोर्स बदलायचा नव्हता. शंभर वर्षांचा घरचा मान ज्या कौशल्यावर उभा होता, ते कौशल्य मागे पडणार हे डोळ्यांसमोर दिसत होतं. त्यांना गोदीत बसून सागवानाचं कौतुक करता आलं असतं. आयुष्यभर पुरलंही असतं. त्यांनी मात्र हात काळे करून घेतले, पत्रा ओतला, गॅसची नळी जोडली, आणि मुंबईत शिकता येईल तेवढं संपल्यावर बोटीत बसले. पद, फेलोशिप आणि वर्तमानपत्रातली टीका हे सगळं त्यानंतर आलं.

आणि लाकडाचं ज्ञान वाया गेलं का? इंजिन कुठे बसवलं तर जहाजाचा तोल बिघडणार नाही, त्याचे हादरे कुठल्या तुळईने सोसायचे, हे ज्याला जहाज आतून-बाहेरून माहीत आहे त्यालाच कळतं. जुनं शिकलेलं असं नव्याच्या खाली पायासारखं राहतं. दिसत नाही, पण वरचं सगळं त्याच्यावर उभं असतं.

भारत सरकारने २७ मे १९६९ रोजी अर्देशीर यांच्यावर टपाल तिकीट काढलं. तारीख रॉयल सोसायटीच्या निवडीचीच. त्या तिकिटावर अर्थातच त्यांचा चेहरा आहे. माझगावच्या बंगल्यात गॅसच्या नळ्या जोडणारे आणि स्टीम फॅक्टरीत बॉयलर घासणारे ते दोनशे कारागीर तिकिटावर नाहीत. पण शिफारशीच्या कागदात, हे काम केवळ देशी कारागिरांच्या मदतीने झालं, ही गोष्ट लंडनच्या शास्त्रज्ञांनाही मुद्दाम नोंदवावीशी वाटली होती. पुढच्या वेळी हार्बरने जाताना डॉकयार्ड रोडला सकाळच्या शिफ्टचे वेल्डर, फिटर डबा घेऊन उतरताना दिसले, तर त्यांच्याकडे जरा नीट बघा. मुंबईतल्या इंजिनांची गोष्ट त्यांच्यासारख्यांच्या हातांनीच सुरू झाली होती.